अजिंठ्याची वस्त्रे आणि त्यांचे नकलनवीस

निलंग्याच्या नीळकंठेश्वराच्या देवळावर किंवा देगलूर तालुक्यातील होट्टलच्या चालुक्यकालीन मंदिरांवर ज्या सुरसुंदरी आठ-नऊशे वर्षे ऊनपाऊस सोशीत उभ्या आहेत, त्यांच्या मेखलेचा गोंडा कोणत्या मांडीवर लोंबतो आणि केसांचा खोपा कोणत्या अंगाला कलला आहे, हे उन्हे उतरल्यावर तिरप्या उजेडात पाहणाऱ्या कोणाही डोळस माणसाला सांगता येईल. परंतु त्या मेखलेखालचे वस्त्र मंजिष्ठात रंगवलेले होते की नीळ घातलेले, त्याला काठ होता की ते बिनकाठाचे होते, पट्टे विणलेले होते की ठसे उठवलेले, असे विचारू लागल्यास पाषाण मौन धरतो. ज्यांना केवळ मूर्तिशास्त्र हवे आहे त्यांचे ह्या मौनाने अडत नाही. अडते ते रंगभूमीवर प्राचीन काळ उभा करू पाहणाऱ्याचे. त्याला शिंप्यापुढे कापड टाकावे लागते, आणि कापडाला रंग असावाच लागतो.

प्राचीन दक्षिणापथाच्या वेशभूषेचा रंगासहित असा विस्तृत पुरावा आमच्या मुलखात एकच, आणि तो वाघूर नदीच्या वळणावरील अजिंठ्याच्या लेण्यांत. त्या लेण्यांतील बहुतेक चित्रकाम ज्या काळातले मानले जाते, त्या इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे वाकाटक नृपती हरिषेण याचे राज्य होते, आणि सोळाव्या क्रमांकाचे लेणे त्याच्याच वराहदेव नामक सचिवाने कोरविले. वाकाटकांच्या ह्या शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम. तेथे सापडलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात ज्या नांदीकट प्रांतातील भूमीचे दान नमूद आहे तो प्रांत म्हणजे आमच्या नांदेडचा परिसर, असे विद्वानांनी ठरविले आहे. तेव्हा अजिंठ्याच्या भिंतींवर जी माणसे वावरतात त्यांचे कपडे हे गोदाकाठच्या पूर्वजांच्याच राज्यातले कपडे होत, एवढा हक्क सांगण्यास नांदेडकरांना हरकत नसावी. लातूरकरांनी औशाजवळची खरोसा लेणी पुढे करून त्या हक्कात वाटा मागितला, तर मात्र त्यांना चित्रांच्या अभावी गप्प बसावे लागेल.

त्या कपड्यांची एक गंमत प्रथमच सांगून ठेवतो, कारण पुढल्या सर्व इतिहासात ती नकलनवीसांच्या नसली तरी वेशकारांच्या हातून वारंवार निसटलेली आहे. अजिंठ्यात जो जितका थोर, तितके त्याच्या अंगावर शिवण कमी. राजे, राण्या, बोधिसत्त्व हे बहुधा कमरेला गुंडाळलेले एखादे तलम, पट्ट्यापट्ट्यांचे अधोवस्त्र आणि वर अलंकारांचा भार एवढ्यावरच शोभतात. शिवलेला अंगरखा, चोळी, बाह्या, टोपी ही सामग्री दासी, कंचुकी, सैनिक, नर्तकी आणि परदेशी पाहुणे ह्यांच्या वाट्याला आलेली आहे. पहिल्या लेण्यात महाजनक जातकाचा जो विस्तीर्ण पट आहे, त्यात संसार सोडू पाहणाऱ्या राजाचे मन रमावे म्हणून राजवाड्यात नृत्य चालले आहे. मध्यभागी नर्तकी कमरेत मुरडून उभी, तिच्या भोवती बासरी फुंकणाऱ्या, टाळ धरणाऱ्या आणि मृदंगावर हात टाकणाऱ्या स्त्रियांचे कडे, आणि त्या साऱ्या प्रासादात नजर ठरते ती तिच्या लांब बाह्यांच्या, अंगासरशी बसणाऱ्या वस्त्रावर. राणी जवळच बसलेली आहे, पण कापडाचा थाट नर्तकीचा. त्याच लेण्यात छतावर उंच टोप्या आणि लांब अंगरखे घातलेले परदेशी पुरुष मद्याचे चषक हातात घेऊन बसले आहेत. ज्याला रंगमंचासाठी वेश हवे असतील त्याला येथे एक अख्खे जामदारखाने उघडे मिळते. फक्त ते काळोखात आहे, भिंतीला चिकटलेले आहे आणि दरसाल थोडेथोडे गळून पडत आहे. म्हणून नकलनवीस लागला.

२८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा मद्रास सैन्यातील अधिकारी शिकारीच्या नादात तेथे येऊन दहाव्या लेण्याच्या खांबावर आपले नाव कोरून गेला, ही कथा शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे; परंतु नकलांची हकीकत सुरू होते ती त्यानंतर पंचवीस वर्षांनी. जेम्स फर्ग्युसन याने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे लेण्यांविषयी निबंध वाचला, सोसायटीने कंपनी सरकारकडे अर्ज गुदरला, आणि १८४४ साली मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल ह्या अधिकाऱ्याची अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमणूक झाली. अजिंठा गावच्या बारदरीत बिऱ्हाड करून आणि रोज घाट उतरून गिलने कॅनव्हासवर तैलरंगांत मोठमोठ्या प्रती तयार केल्या. त्याची सहचरी पारो १८५६ साली निवर्तली, तिची कबर अजिंठ्यास आहे. त्या दोघांच्या प्रीतीवर आमच्याकडे इतके लिहिले गेले आहे की गिलने चित्रेही काढली होती ह्याचा वाचकाला विसर पडावा, म्हणून त्या वाटेला मी जात नाही. त्याच्या प्रती जहाजाने विलायतेस रवाना झाल्या, लंडनजवळच्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांना पाहण्यासाठी टांगल्या गेल्या, आणि डिसेंबर १८६६ मध्ये तेथे लागलेल्या आगीत, चार-पाच अपवाद वगळता, जळून खाक झाल्या. सुदैवाने त्यांतील काही चित्रांवरून १८५६ साली प्रसिद्ध झालेल्या एका इंग्रजी ग्रंथासाठी लहान लाकडी ठसे आधीच कोरविले गेले होते. म्हणजे कित्येक दृश्यांपुरती नकलेची नकल, तीही रंगावाचून, एवढीच उरली. गिलने पुन्हा कुंचला धरला, छायाचित्रेही घेतली, आणि १८७९ साली तो वारला. भुसावळला त्याचे थडगे आहे.

दुसरी पाळी मुंबईची. सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेचा प्रमुख जॉन ग्रिफिथ्स हा १८७२ पासून १८८५ पर्यंत हिवाळ्यामागून हिवाळा आपल्या विद्यार्थ्यांची तुकडी घेऊन अजिंठ्यास मुक्काम करीत असे, आणि पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून नावारूपास आलेला पेस्तनजी बोमनजी त्याच तुकडीत तयार झाला. ह्या मंडळींनी केवळ कथाचित्रेच उतरविली असे नव्हे; छतावरील वेलबुट्टी, वस्त्रांवरील हंस, पट्टे आणि ठिपके, मुकुटांचे व कर्णभूषणांचे तपशील ह्यांचीही त्यांनी नोंद घेतली, आणि ती पुढे वेशकारांना राजांच्या मुद्रांपेक्षा अधिक उपयोगी पडली. पण येथेही दुर्दैव आडवे आले. जून १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात आग लागून पाठविलेल्या प्रतींपैकी पुष्कळ नष्ट झाल्या. वाचलेल्या प्रती आणि हाताशी असलेले साहित्य ह्यांच्या आधारे ग्रिफिथ्सने १८९६-९७ साली दोन भव्य खंड प्रसिद्ध केले. त्या ग्रंथाच्या नावातच त्याने अजिंठा 'खानदेशात' असल्याचे छापून टाकले! लेणी निजामाच्या मुलखात, औरंगाबाद सुभ्यात. पण साहेब खानदेशाच्या बाजूने चढून गेला म्हणून मराठवाड्याचे रत्न खानदेशाच्या खाती जमा झाले, आणि ते तसेच जगभरच्या ग्रंथालयांच्या सूचींत राहिले. मराठवाड्याला असल्या वजाबाकीची सवय आहे, तरीही दप्तरात शेरा मारून ठेवलेला बरा. ग्रिफिथ्सवर आणखी एक आक्षेप घ्यावा लागतो तो असा की, नकला स्पष्ट उतराव्यात म्हणून मूळ भिंतींवर रोगण चढविण्यात आले, ते काळाने पिवळे-काळे पडले, आणि ते उतरविण्यासाठी पुढच्या पिढ्यांच्या रसायनज्ञांना दीर्घकाळ खपावे लागले. प्रत वाचावी म्हणून मूळ मळविण्याचा हा व्यवहार मला कधीच समर्थनीय वाटला नाही, मग त्या प्रती कितीही सुंदर असोत.

तिसरी तुकडी सर्वस्वी निराळ्या मनोवृत्तीची होती. ख्रिस्तियाना हेरिंगहॅम ही विदुषी स्वतः टेम्परा रंगपद्धतीची जाणकार, चेन्निनो चेन्निनी ह्या जुन्या इटालियन चित्रकाराच्या ग्रंथाची भाषांतरकर्त्री. तिने १९०९-१० आणि १९१०-११ ह्या दोन हिवाळ्यांत अजिंठ्यास तळ दिला. तिच्या हाताखाली कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हलदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि वेंकटप्पा आले, आणि हैदराबादेहून सय्यद अहमद व फजलुद्दीन हे दोन चित्रकार आले. त्या वेळी हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे सुरू होऊन फार वर्षे लोटली नव्हती, आणि हैदराबादेहून औरंगाबादकडे निघालेल्या माणसाची गाडी नांदेड, पूर्णा, परभणी, जालना असे करीतच जात असे. लातूरला तर बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी त्याच सुमारास, १९११ साली, पोचली. हेरिंगहॅमबाईंच्या तुकडीची रीत म्हणजे आधी भिंतीवर पारदर्शक कागद धरून रेषा उतरवून घ्यायची, मग त्या रेषा दुसऱ्या कागदावर चढवून, मूळ चित्रासमोर बसून, रंग जुळवीत जायचे. काळोख फार. दारातून येणारा उजेड सकाळी एका कोनात आणि दुपारी दुसऱ्या कोनात पडणार, म्हणून एकाच वस्त्राचा रंग एका दिवसात दोनदा निराळा दिसे, आणि कोणता खरा धरावा हा निर्णय चित्रकारालाच करावा लागे. नकल करणे म्हणजे केवळ आज्ञाधारकपणा, अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी हा एक निर्णय तरी ध्यानात घ्यावा. ह्या कामाचे फळ १९१५ साली इंडिया सोसायटीने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यात ज्यांचा निबंध आहे ते विल्यम रोदेन्स्टाइन हे १९१० च्या हिंदुस्थान-दौऱ्यात स्वतः अजिंठा पाहून गेले होते. त्यांचे नाव लक्षात ठेवावे, ते पुन्हा येणार आहे.

ह्या तिन्ही पाळ्यांच्या मागोमाग निजाम सरकार जागे झाले, आणि ह्याचे श्रेय अकबर हैदरी ह्यांच्यासारख्या अमलदारांस दिले पाहिजे. १९१४ साली रियासतीत पुराणवस्तूंचा महकमा स्थापन झाला. गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले. १९२० नंतर चेक्कोनी आणि ओर्सिनी ह्या इटालियन तज्ज्ञांना बोलावून गळू लागलेला गिलावा जागच्या जागी बसविण्यात आला. आणि हेरिंगहॅमबाईंच्या तुकडीतील सय्यद अहमद ह्यांचीच लेण्यांवर देखरेखीस नेमणूक झाली. त्यांनी व त्यांच्यासारख्या सरकारी चित्रकारांनी केलेल्या पूर्णाकृती प्रती हैदराबादच्या संग्रहालयात लावल्या गेल्या. यझदानींनी १९३० ते १९५५ ह्या काळात चार भागांत रंगीत छायाचित्रांसह जो ग्रंथ काढला, त्याने नकलनवीसांची सद्दी संपली असे पुष्कळांना वाटले. तसे झाले नाही, कारण छायाचित्र जे आहे तेच दाखविते. हाताने काढलेली प्रत जे होते त्याचीही साक्ष देते, आणि गिलने पाहिलेले बरेच काही यझदानींच्या कॅमेऱ्यापुढे उरलेच नव्हते.

आता रंगमंचाकडे. युरोपात बॅलेला हिंदुस्थानी विषयांचे वेड जुने; १८७७ साली, म्हणजे ग्रिफिथ्सचे विद्यार्थी वाघूरकाठी कुंचले धुत होते त्याच सुमारास, सेंट पीटर्सबर्ग येथे मारियुस पेतिपाचे 'ला बायादेर' हे देवदासीच्या कथेवरील नृत्यनाट्य प्रथम झाले; त्यातील नायिका विंध्याद्रीपेक्षा पॅरिसला जवळची. १९१२ साली द्याघिलेफच्या मंडळीने पॅरिसमध्ये 'ल द्यू ब्लू' हा नीलदेवाचा खेळ केला, त्याचे वेश लेऑन बाक्स्तने कल्पिले होते. त्याच्या जलरंगातील वेशचित्रांवर कलाप्रेमी अजून लुब्ध आहेत, पण त्या वैभवात हिंदुस्थान शोधावा लागतो. आम्हीही फारसे निराळे नव्हतो. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चा प्रयोग १८८० साली पुण्यास झाला तेव्हा कण्वाश्रमातील मंडळींच्या वेशाची चौकशी कोणी वाकाटकांच्या दरबारी केली नव्हती, आणि नंतर राजा रविवर्म्यांच्या शिळाछापांनी दमयंतीपासून सीतेपर्यंत साऱ्यांचे वेश असे काही निश्चित करून टाकले की प्राचीन वेश म्हणजे काठपदराचे लुगडे, असा संकेतच रूढ झाला. तो आमच्या डोळ्यांना इतका सवयीचा आहे की अजिंठ्याची राणी प्रथम पाहणारा मराठी गृहस्थ आजही क्षणभर संकोचतो.

हा संकेत मोडण्यास एक रशियन नर्तकी कारण झाली. आना पाव्हलोव्हा १९२२-२३ च्या आशिया-दौऱ्यात हिंदुस्थानात येऊन गेली, आणि सप्टेंबर १९२३ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये तिने 'अजिंठ्याची भित्तिचित्रे' ह्याच नावाचे नृत्यनाट्य रंगमंचावर आणले. संगीत अलेक्सांद्र चेरेप्निनचे, नृत्यरचना इव्हान क्लुस्तीनची, आणि विषय सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा. भिंतीवरच्या आकृतींनी रंगमंचावर उतरावे, अशी ही कल्पना. त्याच मोसमात तिने 'पौर्वात्य संस्कार' ह्या मालिकेत हिंदू विवाह आणि राधाकृष्ण ही नृत्ये केली, आणि तिच्या राधेसमवेत कृष्ण म्हणून उभा राहिलेला तरुण म्हणजे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये दाखल झालेला उदयशंकर. त्या कॉलेजचे प्रमुख तेव्हा कोण, तर अजिंठ्याच्या ग्रंथात लिहिणारे रोदेन्स्टाइन! ह्या गृहस्थांनी आपल्या विद्यार्थ्याला पाश्चात्त्य शैली गिरवीत बसण्याऐवजी ब्रिटिश म्युझियममधील भारतीय वस्तूंपुढे नेऊन बसविले होते. ज्या जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या नकला केल्या त्याच शाळेतला मुलगा, नकला ज्या साउथ केन्सिंग्टनात जळाल्या त्याच वस्तीतल्या कॉलेजात, आणि अखेर नकलांच्या प्रेरणेने वेशभूषा मांडणाऱ्या मंडळीत. इतिहास कधीकधी असा हिशेब जुळवून देतो की कादंबरीकाराने तो लिहिला असता तर त्याला आपण बेतालपणाबद्दल बोल लावला असता.

त्याच सप्टेंबरच्या पहिल्या तारखेस जपानात महाभूकंप झाला. अराई काम्पो हा जपानी चित्रकार ठाकुरांच्या निमंत्रणावरून हिंदुस्थानात येऊन १९१७-१८ च्या सुमारास अजिंठ्यास राहिला होता, आणि त्याने मोठ्या निष्ठेने केलेल्या नकला तोकियोच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या. भूकंपामागून उठलेल्या आगीत त्या भस्म झाल्या. क्रिस्टल पॅलेस, साउथ केन्सिंग्टन आणि तोकियो अशी ही तीन अग्निकांडे, आणि तिसऱ्याची राख निवते न निवते तोच लंडनात अजिंठ्याच्या नावाचा पडदा वर गेला. पाव्हलोव्हाचा तो खेळ स्वतः फार काळ टिकला नाही. त्यातील नृत्य आमच्या शास्त्राला धरून नव्हते, हेही उघड आहे. पण तिच्या प्रोत्साहनाने ज्यांनी आपल्याच देशी नृत्याकडे पाहिले, त्यांत मुंबईच्या लीला सोखी म्हणजे मेनका ह्या होत्या. त्यांनी खंडाळ्यास 'नृत्यालयम' काढले, कथ्थकाच्या आधाराने 'कृष्णलीला' आणि 'मालविकाग्निमित्र' अशी नृत्यनाट्ये बसविली आणि १९३६ साली बर्लिनपर्यंत मजल मारली. ह्या काळात औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी, जे स्वतः चित्रकार होते, त्यांनीही १९३२ साली अजिंठ्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा मराठी सुशिक्षितांच्या घरात ह्या चित्रांची ओळख अगदीच परकी राहिली नाही.

तरीही अजिंठ्याचे वेश सामान्य प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे खऱ्या अर्थाने आले ते नाटकातून नव्हे, सिनेमातून. कोल्हापूरच्या भानू राजोपाध्ये, ज्या पुढे भानू अथैया म्हणून प्रख्यात झाल्या आणि 'गांधी' ह्या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली ऑस्कर मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या, त्याही जे. जे.च्याच विद्यार्थिनी. १९६६ च्या 'आम्रपाली' चित्रपटासाठी त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांचा अभ्यास करून वैजयंतीमाला यांचे वेश सिद्ध केले. वैशालीची आम्रपाली बुद्धाची समकालीन, आणि अजिंठ्याची चित्रे तिच्यानंतर सुमारे हजार वर्षांनी काढलेली, हा कालविपर्यास कोणी दाखवून दिला तर तो मान्य करावा लागेल. पण मधल्या काळाचे रंगीत वस्त्र कोणापाशी होते? आधार जवळ असेल तेवढाच घेता येतो. मला अथैयाबाईंचे विशेष वाटते ते दुसऱ्याच कारणासाठी. त्यांची नायिका नर्तकी होती, म्हणजे अजिंठ्याच्या हिशेबानेच शिवलेल्या वस्त्राची मानकरी, आणि म्हणून तिच्या अंगावरची कंचुकी खोटी वाटत नाही. तेच शिवणकाम इतर ऐतिहासिक पटांत राण्यांच्या अंगावर जरीकाठासह चढविले जाते तेव्हा मात्र सारा वाकाटक दरबार आपल्या दासींचे कपडे घालून बसल्यासारखा भासतो.

१९४८ च्या सप्टेंबरात निजामी संपली, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्या दिवशी दप्तरे, अमलदार, कर्जे आणि कोर्टे ह्यांची वाटणी झाली, त्यात एक वाटणी कोणी फारशी लक्षात घेतली नाही. लेणी मराठवाड्याबरोबर इकडे आली. सय्यद अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रती हैदराबादच्या संग्रहालयात तिकडे राहिल्या. पुढे फर्दापूरच्या पायथ्याशी अभ्यागत केंद्रात पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्यांच्या प्रतिकृती उभारण्यात आल्या, आणि औरंगाबादच्या एम. आर. पिंपरे यांच्यासारखे चित्रकार झडलेले रंग आपल्या कागदावर पुन्हा उभे करीत राहिले. ह्या प्रयत्नांचे मोल आहे. परंतु गळून पडलेली जागा कल्पनेने भरणारी प्रत आणि ती जागा गळण्यापूर्वी समोर बसून काढलेली प्रत ह्यांचा दर्जा पुरावा म्हणून एक नव्हे, हे वेशकाराने विसरू नये.

नकलांनाही त्यांचा-त्यांचा स्वभाव असतो. ग्रिफिथ्सच्या तैलरंगात वस्त्राला वजन येते, छायाप्रकाशाने चुण्या फुगतात, आणि त्यावरून शिवलेला वेश मखमलीकडे झुकतो. हेरिंगहॅमबाईंच्या तुकडीत बंगाली चित्रकारांनी रेषेला इतके लाडावले की तिच्यावरून काढलेला पोशाख फार हलका, जवळजवळ धुक्याचा होऊन बसतो. सय्यद अहमद वर्षानुवर्षे त्याच भिंतींसमोर राहिले होते, त्यामुळे त्यांना असा कोणताही संप्रदाय मिरवावा लागला नाही. प्राचीन वेशाचे नृत्य बसविणाऱ्याने ह्या तिघांपैकी कोणाकडे आधी जावे, असे मला विचारल्यास मी नांदेडहून हैदराबादच्या गाडीत बसावे असे सांगेन, आणि परत येताना होट्टलला जाऊन दागिने पाहावेत. ते पाषाणात अजून शाबूत आहेत.